दुसऱ्या खुर्चीतले पाइपवाले

तिसऱ्या मजल्यावरच्या पाइपवाल्यांचं तोंड वाकडं झालं, अर्धा चेहरा लुळा पडला आणि आता ते नुसत्या पातळ आहारावर आहेत, अशी बातमी एका सोमवारी दुपारी तळमजल्यावरच्या शिंपीमामांच्या दुकानातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत पाचव्या मजल्यावर पोचली. वाटेत दुसऱ्या मजल्यावर तिला दोन डॉक्टर चिकटले. चौथ्यावर तर एक ऑपरेशनही उरकलं.

मामांकडे पुरावा होता. पाइपवाले दुकानाच्या काचेसमोर थांबले, खालचा ओठ दातांवर ओढून घेतला, गाल आत खेचले, आणि थरथरणाऱ्या ओठावर बोट ठेवून चांगले मिनिटभर उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आतल्या बाजूला एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या कोटात उभं होतं, त्यानेही पाहिलं. दोन साक्षीदार झाल्यावर आणखी काय हवं?

खरं एवढंच होतं की तोंडाला काहीही झालेलं नव्हतं. पळालं होतं ते तोंडचं पाणी.

आता हे पाइपवाले म्हणजे नळ दुरुस्त करणारे नव्हेत. ते बासून वाजवतात. नाव बासून आणि वाजवायचंही बसूनच, हा विनोद त्यांना आजवर इमारतीतल्या प्रत्येकाने एकदा ऐकवलेला आहे आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसले आहेत. लाकडाची जाड, दुमडलेली, छातीइतकी उंच नळी, वर वाकडी धातूची काडी, आणि काडीच्या टोकाला बोरूच्या दोन पातळ पापुद्र्यांची बांधलेली पत्ती. ती ओठांत धरून फुंकायची. आवाज घोगरा, खोल, थोडासा सर्दी झालेल्या शहाण्या माणसासारखा. ते राहायला आले त्या वर्षी कुणीतरी त्यांच्या हातातली लांब पेटी पाहिली आणि आमचा नळ गळतोय, जरा बघता का, म्हणून विचारलं. नाही म्हणायची भीती वाटली म्हणून पाइपवाले अर्धा तास मोरीत पाना धरून बसले. नळ अजून गळतो. नाव मात्र घट्ट बसलं.

नाही म्हणायची भीती, हो म्हणायची भीती, रस्ता ओलांडताना समोरच्याने थांबून आपल्याला आधी जा म्हटलं तर त्याची भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण पाइपवाल्यांच्या पाठीमागच्या राक्षसाला बिचाऱ्याला कधी रजाच मिळाली नाही. सोळाव्या वर्षी संगीतशाळेच्या परीक्षेत त्यांना एकट्याने वाजवायचं होतं. पत्ती ओठांत धरली आणि आवाजच येईना. नुसती हवा. परीक्षक थांबले, शिपाई थांबला, भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू राहिलं. मास्तर दयाळू होते. म्हणाले, "तूर्त दुसऱ्या खुर्चीत बस." त्या ‘तूर्त’ला आता पस्तीस वर्षं झाली. त्यातली चोवीस शहराच्या वाद्यवृंदात.

दुसऱ्या खुर्चीचं काम काय, तर पहिल्या खुर्चीतल्या बासूनच्या खाली आपला सूर असा सरकवायचा की कुणाला कळू नये, आणि नसला तर मात्र सगळ्यांना चुकल्यासारखं वाटावं. पाइपवाल्यांना हे फार छान जमायचं. मोजण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तालाची एकशेबावन्न मापं गप्प बसून एकशेत्रेपन्नासाव्या मापाला एकच सूर लावायचा असेल, तर वृंदातले इतर वादक आपापले आकडे सोडून त्यांच्याकडे बघत बसत. त्यांनी वाद्य उचललं की समजायचं, आली वेळ.

अशा माणसाच्या आयुष्यात एक कागद आला. तालीमघराच्या दाराशी, फळ्यावर, चार टाचण्यांनी लावलेला. फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या प्रत्येक वादकाने पियानोच्या साथीने एक संपूर्ण रचना एकट्याने वाजवून दाखवावी. तिघांची समिती ऐकेल. जे कसोटीला उतरणार नाहीत त्यांची बदली स्वरलिपीच्या कागदांच्या भांडारात होईल. खाली नव्या संचालिकाबाईंची सही.

भांडार म्हणजे काय हे पाइपवाल्यांना रोज दिसत होतं. मागच्या फेरीत न उतरलेले एक क्लॅरिनेटवाले आता चाकांच्या गाडीवर स्वरलिपीचे कागद घालून तालमीआधी खुर्च्याखुर्च्यांतून फिरायचे. कागद ठेवताना ते समोरच्याच्या तोंडाकडे बघत. डोळ्यांत नाही, ओठांकडे. पाइपवाल्यांच्या समोरच्या लाकडी घोडीवर कागद ठेवताना ते एकदा हळूच म्हणाले, "गुरुवारी अकराला ना तुमचं? मलाही अकराचीच वेळ दिली होती."



घरी मोठी बहीण होती. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तीस वर्षं मुलींच्या शाळेत नाचाच्या वर्गाला पियानो वाजवून निवृत्त झालेली. चाळीस मुली एकदम चुकीच्या पायावर उड्या मारत असताना जिने ताल सोडला नाही, ती कशाला कुणाला भिणार? भावाने कागदाची हकीकत सांगितली तेव्हा ती पाव कापत होती.

"मग वाजव," ती म्हणाली.

"ताई, एकट्याने वाजवायचंय."

"एकट्याने कसं? मी आहे ना पियानोवर. का मला शेजारीण समजतोस?"

"आवाजच आला नाही तर?"

"तर मी माझा भाग वाजवून टाळ्या घेऊन येईन. बस. जेव."

रचना तिनेच निवडली. शंभरएक वर्षांपूर्वी काही संगीतकारांना भावनांच्या महापुराचा कंटाळा आला होता. त्यांनी त्याहूनही दोनशे वर्षं जुन्या नाचांचे आणि चालींचे आखीव घाट बाहेर काढले, धूळ झटकली आणि त्यांत आपले नवे, तिरपे सूर घातले. पणजोबांच्या कोटाला अंमळ चावट बटणं लावावीत तसं. त्या वळणाची, बासून आणि पियानोसाठी लिहिलेली, तीन भागांची, तेरा मिनिटांची एक सोनाटा तिच्या कपाटात होती.

"यात रडायचं नाही, उसासे टाकायचे नाहीत," ती म्हणाली. "स्वच्छ मोजायचं आणि जागच्या जागी सूर ठेवायचा. तुला आणखी काय येतं?"

बरोबरच होतं, पण भीतीही तिथेच होती. त्या संगीतात लपायला काहीच नव्हतं. पियानो दोन सुरांत बोलायचा आणि गप्प व्हायचा. वरती पहिली खुर्ची नाही, मागे तंतुवाद्यांचा पडदा नाही. रिकाम्या पांढऱ्या खोलीत मधोमध खुर्ची टाकून बसवावं तसं प्रत्येक सुराला बसवलेलं. एक वाकडा बसला तर बाकीचे सगळे त्याच्याकडे बघणार.

शिवाय दुसऱ्या भागाच्या शेवटी संगीतकाराने एक खोडी करून ठेवली होती. भाग संथ, जुन्या दरबारी नाचाच्या चालीचा, पायरी पायरीने खाली उतरत जाणारा. उतरत उतरत तो बासूनच्या सगळ्यात खालच्या सुरावर येतो आणि आणखी अर्धी पायरी खाली मागतो. ती पायरी वाद्यात नाहीच. त्यासाठी जाड कागदाची सुरळी करून वाद्याच्या वरच्या तोंडात खोचायची. नळी तेवढी लांब होते आणि तळ अर्ध्या पायरीने खाली जातो. मात्र सुरळी आत असेपर्यंत वाद्याचा स्वतःचा तळाचा सूर मिळत नाही. त्याची कळ दाबली की कागदाचाच सूर वाजतो. आणि तिसऱ्या भागाचा, म्हणजे सगळ्या सोनाटाचा शेवटचा लांब सूर नेमका तो, वाद्याचा स्वतःचा. म्हणून दोन भागांच्या मधे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: कागद काढावा.

दहा दिवस तालीम चालली. घरातली ती खोली एवढीशी, की पियानो, पियानोचं स्टूल, पाइपवाल्यांची खुर्ची आणि कपाट यांच्यात हवेलासुद्धा आडवं होऊन जावं लागे. बासूनचं तोंड वादकाच्या डाव्या खांद्याच्या वर येतं, आणि डाव्या बाजूला ताई. दुसरा भाग संपला की ती डाव्या हाताने पान उलटायची आणि उजव्या हाताने, न बघतासुद्धा, भावाच्या वाद्यातली सुरळी उपटून पियानोवर ठेवायची. कुणी ठरवलं नव्हतं. जवळ होतं म्हणून ती काढायची, आणि ती काढते म्हणून त्यांनी कधी हात उचलला नाही.

भीती मात्र रोज थोडी थोडी जागा घेत गेली. पाइपवाले आपल्या पत्त्या स्वतःच करत. बोरू तासायचा, दुमडायचा, तारेने बांधायचा, दोऱ्याने गुंडाळायचा आणि चाकूने इतका खरवडायचा की उजेड आरपार दिसेल पण पत्ती फाटणार नाही. डबीत अकरा पत्त्या होत्या. त्यातली एक खरी देखणी उतरली होती. गुरुवारसाठी तिला जपून ठेवायची हे ठरलेलं. सोमवारी त्यांनी ती सहज लावून पाहिली. ठीक वाजली. ठीक का वाजली, सुंदर का नाही? म्हणून एक हात चाकूचा. मग डावीकडे जड वाटली म्हणून डावीकडे. मग उजवीकडे. दुपारपर्यंत पत्ती कांद्याच्या सालीसारखी झाली आणि फुंकल्यावर पिसाळलेल्या माशीसारखी ओरडली.

"ताई, मी मारली ती."

ताईने चष्मा वर केला. "डबीत दहा उरल्या ना? दहा जणींनी काय घोडं मारलंय?"

त्याच दिवशी दळणाची पिशवी न्यावी तसा चेहरा घेऊन ते खाली उतरले आणि शिंपीमामांच्या काचेत ओठ थरथरतोय का ते पाहत उभे राहिले. पुढचं ऑपरेशन तुम्हाला माहीतच आहे.

गुरुवार उजाडला. पाइपवाले जीव मुठीत धरून निघाले, दुसऱ्या मुठीत पेटी. छोट्या सभागृहात दोनशे रिकाम्या खुर्च्या होत्या आणि तिसऱ्या रांगेत एका टेबलामागे तिघं. मधे संचालिकाबाई. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि तेच भयंकर होतं. ओरडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी, कुठवर आलं आहे.

"या. घाई नाही," त्या म्हणाल्या.

मोठा, लांब पियानो स्टेजच्या एका अंगाला. त्यांची खुर्ची दुसऱ्या अंगाला, पुरी सहा पावलं लांब. खुर्ची जवळ घेऊ का असं विचारायचं होतं. विचारलं नाही. बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात पत्ती भिजत घातली, सुरळी वाद्याच्या तोंडात खोचायला हाताशी ठेवली. पत्ती ओठांत धरली तर ओठ लाकडाचे आणि पत्तीच तेवढी जिवंत वाटली.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, नाचाच्या वर्गातल्या ढिल्या मुलीकडे पाहावं तसं, आणि सुरू केलं.

चार मापं पियानोची. एक. दोन. पाइपवाल्यांना सोळाव्या वर्षीचं घड्याळ ऐकू आलं. तीन. हवा येणार, नुसती हवा. चार.

सूर आला. बारीक, कडेला फाटका, पण सूर. दुसरा त्याच्याहून बरा. पहिला भाग लगबगीचा होता, पोस्टाच्या खिडकीवर शिक्के मारत जावेत तसा. ते मोजत गेले आणि शिक्के पडत गेले. दोनदा घसरले, दोनदा उठले. टेबलामागे कुणीतरी काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचा आवाज त्यांना पियानोपेक्षा मोठा वाटला.

दुसरा भाग. सुरुवातीला पियानोला आठ मापं एकट्याची होती, त्यात त्यांनी सुरळी खोचली. भीतीच्या भरात जरा जास्तच घट्ट बसली. मग ते उतरणं. पायरी, पायरी, पायरी, आणि वाद्यात नसलेल्या त्या शेवटच्या पायरीवर पाऊल टाकलं तर ती तिथे होती. पाट सरकवल्यासारखा खोल, कोरडा सूर. सभागृहाच्या जमिनीत गेला. पेन्सिल थांबली.

दुसरा भाग संपला. ताईने डाव्या हाताने पान उलटलं. तिचा उजवा हात हवेत पुढे आला, काहीच नाही त्याच्यावर जरा थांबला आणि परत गेला. पाइपवाल्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. वाटलं, बाही सारखी करतेय. तेवढ्यात तिने तिसरा भाग सुरू केला.

हा भाग उड्यांचा. बासूनने टणाटण वर जायचं, धपकन खाली यायचं, पियानोने खाली पाय घालायचा. श्वासापुरत्या फटी सोडल्या तर थांबायला जागाच नाही. वीस मापं गेली, तीस गेली. आणि आश्चर्य म्हणजे बरं चाललं होतं. कधी नव्हे ते त्यांना आपलाच आवाज ऐकू येत होता आणि तो अगदीच परका नव्हता. चाळिसाव्या मापाला एक उंच सूर घेताना त्यांची नजर वर गेली.

वाद्याच्या तोंडातून चार बोटं पांढरा कागद वर आलेला होता.

ताईचा हात. बाही नव्हती ती. आता कळलं. बोटं तिकडे पुढे चाललीच होती, ती कुठे थांबतायत? अजून बावन्न मापं. शेवटी पियानो आपल्या घरच्या सुरावर जाऊन बसणार, दोन्ही हातांनी, जोरात, आणि त्याच्या बरोबर खाली अर्धी पायरी चुकून आपण. दारात बोट चेमटावं तसा आवाज. दहाही बोटं कळांवर, सुरळी हातभर अंतरावर. मान झटकली तर पडेल? घट्ट बसली आहे. शेवटचा सूर वरच्या सप्तकात घेतला तर? घेता येईल. वाईट दिसणार नाही. कदाचित कळणारही नाही. चोवीस वर्षं आपण कळू न देण्याचंच काम केलं.

तीस मापं. वीस. भांडारातली ती चाकांची गाडी त्यांना स्पष्ट ऐकू आली, एक चाक कुरकुरणारी. ताईनेही आता पाहिलं होतं. ती वाजवत होती, पण चष्म्यावरून बघत होती, आणि पाइपवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. ती तिची होती की त्यांचीच तिच्या चष्म्यात पडलेली, हे सांगता येणार नाही.

आठ मापं राहिली असताना पाइपवाले थांबले.

"थांब, ताई."

नाचाच्या वर्गाची सवय. ती आणखी दोन मापं पुढे गेली आणि मग थांबली. दोनशे रिकाम्या खुर्च्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. टेबलामागच्या डावीकडच्या माणसाने उजवीकडच्याकडे पाहिलं. पाइपवाल्यांनी हात वर केला, सुरळी ओढली. पहिल्यांदा आली नाही. दुसऱ्यांदा फस् करून आली. ती कुठे ठेवावी ते सुचेना म्हणून शर्टाच्या खिशात घातली.

"माफ करा," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "कागद राहिला होता. शेवटची सोळा मापं परत घेतो."

समितीतल्या एकाने घड्याळाकडे पाहिलं. हो नाही, नाही नाही. ताईने मात्र पान मागे घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वळणापासून घे. आणि श्वास घे, मेल्या, आधी."

त्यांनी श्वास घेतला. सोळा मापं परत वाजली, आधीपेक्षा थोडी सावकाश. शेवटच्या उडीवरून ते खाली आले, सगळी बोटं मिटली, आणि वाद्याचा स्वतःचा सूर पियानोच्या सुराखाली जाऊन बसला. जाड, गोल, घरचा. लिहिला होता तेवढाच लांब त्यांनी तो धरला. एक मोजणी कमी नाही, एक जास्त नाही.

मग वाद्य मांडीवर आडवं घेतलं.

संचालिकाबाई बराच वेळ कागदावर लिहीत राहिल्या. पाइपवाले त्यांच्या पेन्सिलीचं टोक बघत होते आणि मनात भांडारातल्या कपाटांचे खण मोजत होते. शेवटी बाईंनी कागद बाजूच्या दोघांकडे सरकवला. एकाने मान हलवली, दुसऱ्याने खांदे उडवले.

"दोन ठिकाणी घसरलात. सुरुवात कच्ची होती," बाई तशाच हळू म्हणाल्या. "खुर्ची तुमची तुमच्याकडेच राहील."

पाइपवाल्यांनी मान डोलावली.

"पण एक विचारू?" बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "शेवटचा सूर वर घेऊन संपवलं असतंत तर आमच्यातल्या एकालाही कळलं नसतं. परीक्षा चालू असताना सगळं थांबवायला तुम्हाला आमची भीती नाही वाटली?"

पाइपवाल्यांनी पियानोकडे पाहिलं. ताई स्वरलिपीचे कागद पिशवीत भरत होती.

"वाटली ना, मॅडम," ते म्हणाले. "पण तुम्ही तिघं आता आपापल्या घरी जाल. मला हिच्याबरोबर जायचंय."